कोपरांतली गल्ली

तांडापेठेतल्या त्या गल्लीत सकाळच्या वेळी कोणी धावत नसे. वस्ती कोष्ट्यांची. उजाडायच्या आत घराघरांतून सुताचे लांब ताणे बाहेर येत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या फुलीसारख्या कैच्यांवर आडवे ताणले जात, आणि मग त्यांना खळ पाजली जाई. खळ पाजायची म्हणून ती पाजणी. ताण्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, हातात रुंद कुंचे, आणि सूत ओलं आहे तोवर थांबायचं नाही. ऊन चढलं की खळ धाग्यावर वेडीवाकडी वाळते. वारा सुटला की ओले धागे एकमेकांना चिकटतात. अशा वेळी एखादं पोर धावत आलं तर धूळ उडून सुतावर बसणार, कोपर लागलं तर धागे तुटणार. दोन घरांच्या ताण्यांमध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट उरे. त्या वाटेने जायचं ते कोपरं बरगड्यांना चिकटवून, पाऊल सपाट टाकत, नजर खाली ठेवून. तिथली मुलं असंच चालायला शिकत.

गोपिका निमजे तशीच शिकली. पाच-सहा वर्षांची असताना ती एकदा धावली होती. का धावली, ते तिला पुढे आठवत नव्हतं. थप्पड मात्र आठवत होती. मारणारा बाप नव्हता, शेजारचा होता. दारात उभा असलेला बाप त्याला काही बोलला नाही.

हळूहळू तिला धावणं आवडेनासं झालं, आणि ही नावड तिला स्वतःचीच वाटू लागली. शाळेत खेळाच्या तासाला ती पोट दुखतं म्हणून कडुलिंबाखाली जाऊन बसे. धावणाऱ्या माणसाचं सगळं उघडं पडतं, असं तिला वाटे. श्वास, पोट, भीती. चालणारा स्वतःला सांभाळून नेतो. धावणारा स्वतःला सांडत जातो.

चौऱ्याहत्तर साली ती मॅट्रिक झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पण शिक्षिकांच्या ट्रेनिंगची यादी तिच्या नावाच्या बरीच वर संपली. उरली होती एकच वाट: शारीरिक शिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स. तिथे मुलींचे अर्ज कमी असत. तो केला की शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी मिळे. गोपिकाने कोणाला न विचारता अर्ज केला आणि नाव लागल्यावर घरी सांगितलं.

"कवायत शिकाले जाते?" आई, तुळसाबाई, म्हणाली. "घरात काय कमी कवायत आहे?"

बाप नत्थूजी हातमागावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले. मागाचं आता काही खरं नाही." पाचपावलीकडून यंत्रमागांचा आवाज दिवसभर येत असे. तो आवाज सुरू झाल्यापासून नत्थूजी कमी बोलत.

तुळसाबाईंच्या मनात मात्र दुसरंच होतं. उमरेडच्या भागीरथाबाईंचा निरोप येऊन बसला होता. घरात चार माग, मुलगा कामाचा, आणि त्यांना सून हवी होती ती पाजणी येणारी. तुळसाबाईंनी त्यांना कळवलं की पोरगी शिकून राहिली, जरा थांबा. आणि गोपिकाला बजावलं, "कोर्स चालला तर चालला. नाही चालला तर तुळशीच्या लग्नानंतर उमरेड."

गोपिका हो म्हणाली. उमरेडच्या घरात वाईट काही नव्हतं. तेच सूत, तीच खळ, तशीच गल्ली. तिला भीती वाटत होती ती याचीच.

कोर्सच्या पहिल्याच दिवशी कळलं की दिवाळीच्या आत मैदानाचे दोन फेरे ठरलेल्या वेळेत धावून दाखवावे लागतात. वेळ संपली की मधुकरराव सर शिट्टी वाजवत. शिट्टी वाजली तेव्हा जी चुन्याच्या रेषेपर्यंत पोचली नसेल, ती नापास. संधी दोन. दोन्ही गेल्या की नाव कमी.

पहिली संधी पोळ्याच्या आठवड्यात आली. पाऊस उघडला होता, मैदानाची काळी माती अजून बुटांना धरत होती. गोपिका सगळ्यांच्या मागे पडली. शिट्टी वाजली तेव्हा ती मैदानाच्या पलीकडच्या अंगाला होती. थांबावं की यावं ते तिला कळेना. शेवटी ती चालत आली. एवढ्या माणसांच्या देखत एवढं लांब चालत येणं हीच खरी शिक्षा होती.

रेषेपाशी शामला बसली होती. शामला खापरखेड्याची. बाप वीजकेंद्रात, घर कॉलनीत. रोज पहाटेच्या एस.टी.ने यायची, आणि बसमध्ये उभं राहून राहून पाय आखडले म्हणून धावायची, असं तिचं म्हणणं. ती पहिली आली होती.

"काय वं गोपिके," शामला ओरडली, "दोन्ही बगलेत एकेक कोंबडी चोरून नेऊन राहिली का?"

मुली हसल्या.

"हसू नका वं, खरंच सांगून राहिली मी. पाहा ना तिच्याकडं. आता बी सोडल्या नाही तिनं. सोड ना माय, जीव जाईन त्यायचा!"

"तुह्या बापाच्या आहेत का कोंबड्या?" गोपिका म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून आवाज चढला.

"माह्या बापाच्या असत्या तर तू पहिली आली असती. मागं मी असती ना काठी घेऊन!"

मधुकरराव सर घड्याळ खिशात टाकत आले. त्यांना हसू आलं नव्हतं. "निमजे, ती चेष्टा करते, पण बरोबर बोलते. तुझे हात बांधल्यासारखे आहेत. छाती उघडत नाही, मग श्वास कुठून येणार? हात सोड."

"सोडते सर."

तिने तिथेच धावून पाहिलं. थोडं अंतर हात हलले. मग तिने ते विसरून पुढे पाहिलं, आणि कोपरं आपोआप आत आली. ती पुन्हा सुटी केली, पुन्हा आत आली. जणू ती कोपरं तिची नव्हती, कोणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिली होती.

दुसऱ्या दिवशी पाजणी ताराचंदजींच्या घरची होती. पाजणी कधीच एका घराची नसे. आज यांच्या ताण्याला त्यांनी हात लावायचा, उद्या त्यांच्या ताण्याला यांनी. घरागणिक पाळी ठरलेली, आणि निमज्यांच्या घरून पाळीला गोपिका जाई. त्या दिवशीही ती कुंचा घेऊन उभी राहिली. कुंचा पुढे सारता सारता तिने मान वर केली. एरवी ती करत नसे. गल्लीभर माणसं ये-जा करत होती. ताराचंदजी, त्यांची सून, समोरच्या रंभाबाई, पाण्याची घागर घेऊन चाललेली कोणाची तरी म्हातारी. सगळ्यांची कोपरं बरगड्यांना चिकटलेली. सगळ्यांच्या बगलेत कोंबड्या.

तिला हसू फुटलं. रंभाबाईंनी विचारलं, "काय झालं वं?" तिने मान खाली घालून कुंचा पुढे सारला. हसू विरलं आणि खाली काहीतरी कठीण लागलं. म्हणजे ही नावड आपली नव्हतीच. ही गल्ली आपल्यात उभी केलेली आहे, आणि रोज सकाळी इथे उभं राहून आपणच तिची डागडुजी करतो. तासाभरानंतर मैदानावर जाऊन तीच मोडायची. असं किती दिवस चालणार? हात तेच आहेत.

संध्याकाळी तिने घरात सांगितलं. "दिवाळीपर्यंत मी पाजणीले जाणार नाही."

तुळसाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. "काहून?"

"तिथं उभी राहिली का अंग आवळते. मंग धावता येत नाही."

"अंग आवळते! पिढ्यान् पिढ्या पाजणी करून राहिलो आपण, कोणाचं अंग नाही आवळलं. हिचंच आवळते!"

"सगळ्यांचंच आवळलं आहे आई. त्यायले धावायचं नाही, म्हणून कळत नाही."

"आन् आपल्या पाजणीले मंग कोण येईन? तू लोकायच्या ताण्याले गेली नाही तर लोक आपल्या ताण्याले येतीन का?"

नत्थूजी जेवत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले आणि म्हणाले, "पाळीले मी जाईन."

"आन् मागावर?"

"मागावर उशिरा बसन."

दुसऱ्या दिवसापासून गोपिका उजाडताच कॅनव्हासचे बूट घालून घराबाहेर पडू लागली. वाटेत ताणे असत, आणि कुठल्या तरी ताण्याशी, बायका-पोरींच्या ओळीत, तिचा बाप कुंचा घेऊन उभा असे. ती त्याच्या शेजारून जाई. कोपरं आत घेऊनच जावं लागे. गल्ली संपली की ती हात झटके.

मैदानावर पहिले दिवस फार वाईट गेले. तिला वाटलं होतं, लहानपणापासून मागाच्या पावड्या दाबलेल्या आहेत, पायांत जोर असणारच. जोर होता, पण तो खाली दाबायचा होता. प्रत्येक पाऊल ती जमिनीत ठोकत होती, आणि संध्याकाळी गुडघे पेटत होते. बसून कमावलेली ताकद धावताना उपयोगाची नाही, हे तिला दुखण्यातून कळलं. मग तिने पावड्या विसरायच्या ठरवल्या. सर म्हणाले, आधी सावकाश धाव, इतकी सावकाश की लाज वाटली पाहिजे. ती तशी धावली. लाज वाटली.

शामलाची बस लवकर आली की ती मागून धावत येई, आणि गोपिकाची कोपरं आत गेली की ओरडे, "कोंबडी!" मैदानाशेजारून सायकलवर जाणारे लोक वळून पाहत. गोपिकाने तिला शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. शामला ऐकेना. "तुह्या चांगल्यासाठीच बोंबलून राहिली मी. घसा माहा जाते, नाव तुहं होते."

हळूहळू शामला गप्प असली तरी गोपिकाला तो शब्द ऐकू येऊ लागला.

आवड निर्माण झाली, असं सांगता येणार नाही. रोज सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना तिला नकोसंच वाटे, आणि ती बांधे. पण एकदा असं झालं की मैदानाचं पलीकडचं टोक मागे पडलं आणि ते मागे पडल्याचं तिला नंतर कळलं. तेवढा वेळ ती काय विचार करत होती, ते तिला आठवेना. श्वासाचा आवाज येत होता, आणि पहिल्यांदाच तिला त्याची शरम वाटली नाही. तो फक्त आवाज होता.

दसऱ्यानंतर निमज्यांचा स्वतःचा ताणा बाहेर निघायची वेळ आली. आदल्या दिवशी तुळसाबाई पाळीची आठवण द्यायला घरोघर गेल्या. ताराचंदजींची सून येते म्हणाली. रंभाबाई म्हणाल्या, "पोरगी तुमची मैदानावर उड्या मारते आन् आम्ही तुमच्या सुताले खळ पाजाची का? पाळी पोरीची होती. तुमच्या नवऱ्याचा हात काय पाजणीचा आहे? दोनदा धागे तोडले त्यायनं आमचे." हे खरं होतं. नत्थूजी विणायला पक्के, पण पाजणीला त्यांचा हात जड होता.

सकाळी ताणा ताणला गेला. एका बाजूला तुळसाबाई आणि ताराचंदजींची सून. दुसऱ्या बाजूला नत्थूजी एकटे. गोपिका दारात उभी होती, पायात बूट. दुसरी संधी चार दिवसांवर आली होती. वारा हलकासा सुटला होता. ताण्याच्या कडेचे धागे थरथरत होते. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं. बोलावलं नाही. बोलावलं असतं तर बरं झालं असतं, गोपिकाला नाही म्हणता आलं असतं.

आज एक दिवस थांबावं, असं तिच्या मनात आलं. आणि हेही आलं की एक दिवस कधी एक नसतो. उद्या रंभाबाईंचा ताणा असेल.

ती कोपरं आत घेऊन बापाच्या शेजारून पुढे निघून गेली. गल्लीच्या टोकाला तिने हात झटकले नाहीत. तिला ते जमलं नाही. पण ती परत फिरली नाही. त्या सकाळी ती खूप धावली आणि वाईट धावली.

दुपारी ती घरी आली तेव्हा ताणा आत आणून ठेवला होता. एका बाजूचं सूत चिकटून पट्टीसारखं झालं होतं. नत्थूजी जमिनीवर बसून नखाने एकेक धागा सुटा करत होते. ती समोर बसली आणि दुसऱ्या टोकाने सोडवू लागली. धागा ओढला तर तुटे, सोडला तर पुन्हा चिकटे.

"बाबा, मी थांबाले पाहिजे होतं का?"

नत्थूजींनी एक धागा उजेडाकडे धरून पाहिला. "थांबली असती तर सूत वाचलं असतं," ते म्हणाले. "वाचलं नाही. आता मागं पाहून काय करते?"

तुळसाबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आन् एवढं करून नापास झाली तर मी तुले सोडणार नाही."

"नापास झाली तर मीच जाईन उमरेडले. तुले सांगावं लागणार नाही."

तुळसाबाईंनी तवा उतरवला. थोड्या वेळाने त्याही येऊन बसल्या. तिघांनी मिळून दिवे लागेपर्यंत धागे सोडवले.

दुसऱ्या संधीच्या दिवशी मैदान वाळलं होतं. मातीला भेगा पडल्या होत्या. पहिल्या वेळी नापास झालेल्या थोड्याच मुली होत्या. पास झालेल्या कडेला उभ्या होत्या, आणि शामला त्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून.

सुटायची शिट्टी झाली. गोपिका सावकाश निघाली. दोघी-तिघी झपाट्याने पुढे गेल्या. तिने त्यांना जाऊ दिलं. पहिला फेरा ती ठरवल्याप्रमाणे धावली, हात सुटे, पाऊल हलकं. रेषेपाशी सर म्हणाले, "ठीक आहे, पण आता वाढव." तिने वेग वाढवला. पुढची एक मुलगी थांबून वाकली होती, तिला तिने मागे टाकलं.

पलीकडच्या अंगाला, जिथे मागच्या वेळी तिला शिट्टीने गाठलं होतं, तिथे श्वास संपला. छातीत एक दार कोणीतरी लावून घेतलं. आणि तिला कळलं की कोपरं आत आली आहेत. एवढं कळणं हेच नवं होतं. आजवर ती कधी आत येत ते तिला दुसऱ्याने सांगावं लागे. आता ती स्वतः पाहत होती: भीती वाटली की अंग पाच वर्षांचं होतं, आणि गल्लीत उभं राहतं. इथे मैदानावर ओलं सूत नव्हतं. कोणाचं काही तुटणार नव्हतं. तिने हात ओढून काढावेत तसे सुटे केले. ते सुरेख हलले नाहीत, वल्ह्यासारखे हलले. तेवढी हवा आत आली.

"हात! हात हलव वं!" शामला ओरडत होती. कोंबडी म्हणायचं ती विसरली होती.

रेषा दिसत होती. सरांचा शिट्टीचा हात तोंडाकडे गेला होता. गोपिकाने त्या हाताकडे पाहणं बंद केलं. तिने सगळं सांडून दिलं, श्वास, पोट, भीती, जे इतकी वर्षं सांभाळून नेलं होतं ते सगळं. रेषा पायाखालून गेली. मग शिट्टी वाजली.

ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. सर घड्याळ पाहत आले.

"पास. थोडक्यात वाचलीस. अजून फार कच्ची आहेस तू, निमजे."

"हो सर."

"परीक्षा झाली म्हणून यायचं थांबणार आहेस?"

तिने विचार केला. श्वास अजून जागेवर नव्हता. "नाही सर," ती म्हणाली.

तुळशीच्या लग्नाच्या आधी भागीरथाबाई उमरेडहून एस.टी.ने आल्या. सकाळीच येऊन पोचल्या. तुळसाबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, चहा ठेवला. नत्थूजी मागावर होते. तेवढ्यात गोपिका दारातून आत आली. तोंड लाल, पोलक्याची पाठ घामाने भिजलेली, पायात मातीने भरलेले बूट. पाहुण्या बाई आहेत हे पाहून ती दारातच थांबली.

भागीरथाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही कोठून आली एवढ्या सकाळी?"

"मैदानावरून," तुळसाबाई म्हणाल्या.

"परीक्षा झाली म्हणे ना?"

"झाली. पास झाली."

"मंग आता काहून धावते?"

तुळसाबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"अजून नीट जमत नाही, म्हणून," गोपिका म्हणाली.

भागीरथाबाई हसल्या. "जमून काय करते माय? आमच्या इथं पाजणी येणारी पाहिजे. पाजणी येते ना तुले?"

गोपिका बोलणार होती, पण तुळसाबाई आधी बोलल्या. "येते. आमच्या गल्लीत तिच्यासारखा हात नाही. पण उन्हाळ्यापर्यंत तिचा कोर्स आहे, आन् त्याच्यानंतर ती नोकरी करणार आहे. तुम्हाले घाई असन बाई, तर दुसरी पोरगी पाहा."

मागाचा आवाज थांबला होता. तुळसाबाईंनी चहाची कपबशी पाहुणीपुढे सरकवली.

"घ्या," त्या म्हणाल्या, "थंडा होऊन राहिला."